सज्ञान माणसाचे रक्षण आणि समाजकार्यकर्त्याची घडण

अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने माणूस सज्ञान होतो. त्याला मत देता येते, करार करता येतो, जमिनीच्या कागदावर सही करता येते आणि आपल्या भल्याबुऱ्याचा निर्णय घेण्याचा अधिकारही त्याला मिळतो. त्याआधी त्याच्यामागे पालक उभा असतो. पालक नसला किंवा पालकच वैरी निघाला तर सरकार मध्ये पडू शकते. परंतु सज्ञान माणसावरच घरात अन्याय होत असेल, त्याचे पेन्शन दुसराच कोणी उचलत असेल, त्याला मारहाण होत असेल किंवा उपाशी ठेवले जात असेल, आणि म्हातारपणामुळे, आजारामुळे अथवा बुद्धीच्या मर्यादेमुळे त्याला स्वतःचा बचाव करता येत नसेल, तर काय करायचे? त्याला उचलून सुरक्षित जागी नेऊन ठेवावे, तर त्याचे सज्ञानपण आपणच हिरावून घेतो. 'तो मोठा आहे, त्याचे तो बघेल' असे म्हणून परत फिरावे, तर त्याला संकटात एकटे सोडतो. या दोन टोकांमधून वाट काढण्याचे काम समाजकार्यकर्त्याच्या वाट्याला येते. हे काम केवळ पुस्तक वाचून जमते का, आणि जमत नसेल तर ते शिकवायचे कसे, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी या लेखात करणार आहे.

त्यासाठी मी प्रथम इंग्लंडचे उदाहरण घेते. तेथे या कामाला वेगळे नाव आहे, त्यासाठी कायदा आहे, आणि एखाद्या प्रकरणात यंत्रणा कमी पडली तर तिची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे. शिकणाऱ्याला असा अहवाल एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षाही अधिक शिकवून जातो. आणखी एक खुलासा आधीच केलेला बरा. 'समाजकार्यकर्ता' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गळ्यात हार घातलेला एखादा गावपुढारी उभा राहतो. इंग्लंडमध्ये हा शब्द असा मोकळा नाही. समाजकार्याचे शिक्षण घेऊन अधिकृत नोंदवहीत नाव घातल्याशिवाय स्वतःला समाजकार्यकर्ता म्हणवून घेण्यास तेथे २००५ पासून कायद्याने मनाई आहे. २०१९ पासून ही नोंदवही 'सोशल वर्क इंग्लंड' या संस्थेकडे आहे. म्हणजे डॉक्टर किंवा वकील यांच्याप्रमाणेच हा एक व्यवसाय आहे आणि त्यातील माणूस आपल्या कामाबद्दल जबाबदार धरला जातो.

एक न विचारलेला प्रश्न

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. त्यातील सेंट ऑस्टेल या गावात स्टीव्हन हॉस्किन नावाचा एक इसम एका खोलीच्या घरात एकटा राहत असे. त्याला बौद्धिक अक्षमता होती. व्यवहार समजून घेणे त्याला जड जाई, म्हणून समाजकल्याण खात्यातर्फे आठवड्यातून दोन तास मदत करायला त्याच्याकडे माणूस येत असे. २००५ मध्ये 'मला आता ही मदत नको' असे त्याने कळवले. तो सज्ञान होता, स्वतंत्र राहत होता, आणि निवड करण्याचा त्याला हक्क होता. त्याच्या निवडीचा मान राखून मदत बंद करण्यात आली.

या सुमारास एक माणूस त्याच्या घरात येऊन राहिला होता. त्याच्या पाठोपाठ इतरही आले. स्टीव्हनला मित्रांची भूक होती. हे आपले मित्रच आहेत असे त्याला वाटत होते. त्यांनी त्याच्या घराचा आणि पैशाचा ताबा घेतला. त्याच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा घालून त्याला ओढण्यापर्यंत मजल गेली. शेवटी ६ जुलै २००६ रोजी त्याला बळजबरीने गोळ्या गिळायला लावून रेल्वेच्या उंच पुलावर नेण्यात आले आणि तेथून पडून त्याचा मृत्यू झाला. दोघांना खुनाबद्दल व एकाला सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली.

पुढे मार्गारेट फ्लिन या बाईंनी या प्रकरणाचा आढावा घेऊन २००७ च्या अखेरीस अहवाल दिला. त्यातून दिसून आले ते असे की, स्टीव्हन कोणाच्याच नजरेस पडला नव्हता असे मुळीच नाही. पोलीस, दवाखाना, घर देणारे खाते, समाजकल्याण खाते या सर्वांशी त्याचा वा त्याच्या घरातील मंडळींचा संबंध आलेला होता. प्रत्येकाला चित्राचा एकेक तुकडा दिसला, पण ते तुकडे कोणी जुळवले नाहीत. आणि मदत नको असे त्याने सांगितले तेव्हा 'का नको?' हा साधा प्रश्न खोलात जाऊन विचारला गेला नाही. त्याचा निर्णय खरोखर त्याचाच आहे की त्याच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या कोणाचा, हे पाहिले गेले नाही.

वास्तविक पाहता येथे कोणी दुष्टपणाने वागले असे म्हणता येत नाही. माणसाच्या निवडीचा मान राखावा हे तत्त्व चांगलेच आहे. चांगले तत्त्व विचार न करता लावले तर माणसाचा जीव जाऊ शकतो, हा या प्रकरणाचा धडा आहे. आणि विचार करण्याची सवय शासनाच्या परिपत्रकाने लागत नाही.

कायदा कोठपर्यंत नेतो

इंग्लंडमध्ये याबाबत २००० साली सरकारी मार्गदर्शिका निघाली होती. पण ठोस कायदा झाला तो २०१४ चा 'केअर ॲक्ट'. तो १ एप्रिल २०१५ पासून अमलात आला. त्याचे ४२ वे कलम या विषयाचा गाभा आहे. एखाद्या सज्ञान व्यक्तीला देखभालीची वा आधाराची गरज आहे, तिच्यावर अत्याचार होत आहे किंवा तिची हेळसांड होत आहे अथवा तसा धोका आहे, आणि त्या गरजेमुळेच तिला स्वतःचा बचाव करता येत नाही, अशी वाजवी शंका आली की चौकशी करणे हे तेथील स्थानिक कौन्सिलचे कर्तव्य ठरते. अत्याचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. पैशाची लुबाडणूक, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार, घरगुती हिंसा, वेठबिगारी, भेदभाव, संस्थेच्या कारभारातून होणारा जाच आणि स्वतःच स्वतःची केलेली हेळसांड हेही त्यात मोडते.

याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधते. १९४८ च्या एका जुन्या कायद्यान्वये, गंभीर आजारी अथवा वृद्ध आणि घाणीत राहणाऱ्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध घरातून हलवण्याचा अधिकार कौन्सिलांना होता. २०१४ च्या कायद्याने तो काढून घेतला. रक्षणाचे कर्तव्य वाढवले आणि उचलून नेण्याचा अधिकार मात्र रद्द केला!

याच्या जोडीला २००५ चा 'मेंटल कपॅसिटी ॲक्ट' आहे. त्याची पाच तत्त्वे थोडक्यात अशी : प्रत्येक सज्ञान माणसाला निर्णयक्षमता आहे असेच आधी धरून चालावे, ती नाही असे म्हणण्यापूर्वी त्याला निर्णय घेता यावा म्हणून शक्य ती सर्व मदत करावी, निर्णय शहाणपणाचा वाटत नाही एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही, अक्षम माणसाच्या वतीने निर्णय घ्यायचा तर तो त्याच्या हिताचाच असावा, आणि त्याच्या स्वातंत्र्यावर कमीत कमी बंधन येईल असाच मार्ग निवडावा. निर्णयक्षमता म्हणजे तरी काय? मिळालेली माहिती समजणे, ती लक्षात ठेवणे, तिचा तोल करून पाहणे आणि आपला निर्णय कोणत्याही रीतीने दुसऱ्याला कळवणे.

जेम्स मन्बी या न्यायमूर्तींनी २००७ सालच्या एका निकालपत्रात असा सवाल केला होता की, माणसाला अधिक सुरक्षित करताना आपण त्याला केवळ दुःखीच करत असू तर त्याचा उपयोग काय? सारांश, कायदा समाजकार्यकर्त्याला दारापर्यंत आणून सोडतो. आत गेल्यावर कोणाकडे पाहायचे, कोणता प्रश्न आधी विचारायचा, 'नाही' या शब्दाचा अर्थ काय लावायचा हे ठरवणे त्याचे त्यालाच भाग असते. नवख्या माणसाला हे कोणी तरी शिकवले पाहिजे.

मार्गदर्शक नेमके करतो काय?

इंग्लंडमध्ये समाजकार्याच्या विद्यार्थ्याला पदवी मिळण्यापूर्वी २०० दिवस प्रत्यक्ष कामाचे शिक्षण घ्यावे लागते. या काळात त्याच्यावर एक अनुभवी मार्गदर्शक नेमलेला असतो. आधी विद्यार्थी त्याच्यासोबत जाऊन नुसते पाहतो. मग विद्यार्थी बोलतो आणि मार्गदर्शक पाहतो. त्यानंतर विद्यार्थी एकटा जातो आणि परत येऊन सांगतो. नोकरी लागल्यावरही हे संपू नये म्हणून २०१२ मध्ये नवोदितांच्या पहिल्या वर्षासाठी एक योजना सुरू झाली. तिच्यात नव्या माणसाकडे प्रकरणे थोडी कमी द्यायची असतात. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, त्यानंतर सहा महिने पूर्ण होईपर्यंत पंधरवड्याला आणि पुढे महिन्यातून एकदा ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याच्यासोबत बसायचे, असे तिच्यात ठरवून दिलेले होते.

या बैठकीला आपल्याकडील समाजकार्याच्या पुस्तकांत 'पर्यवेक्षण' म्हणतात. अल्फ्रेड कदुशिन या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात पर्यवेक्षणाची तीन अंगे सांगितली आहेत. पहिले प्रशासनाचे : काम वेळेवर आणि नियमाप्रमाणे झाले की नाही हे पाहणे. दुसरे शिक्षणाचे : कामाचे ज्ञान आणि कसब वाढवणे. तिसरे आधाराचे : दुसऱ्याचे दुःख रोज पाहून थकणाऱ्या माणसाला सावरणे. तिन्ही आवश्यक आहेत. पण कचेरीवर कामाचा ताण आला की पहिले अंग उरलेल्या दोघांना गिळून टाकते. किती प्रकरणे आली, किती निकालात निघाली, कोणता तक्ता भरायचा राहिला, एवढ्यात तास संपतो. अशा बैठकीला मार्गदर्शन म्हणता येणार नाही. ती फक्त हजेरी झाली.

खरे मार्गदर्शन कसे असावे हे स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. समजा, इंग्लंडमधील एका गावात ८२ वर्षांची एक बाई आपल्या पुतण्यासोबत राहते आहे. घरात अन्न दिसत नाही आणि बाई खंगत चालल्या आहेत, असे शेजारणीने कौन्सिलला कळवले. नवी समाजकार्यकर्ती चौकशीला गेली. पुतण्याने दार उघडले, चहा केला आणि तो जवळच बसला. बाई म्हणाल्या, 'मला काही त्रास नाही. माझे मी बघते.' बोलणे सुसंगत होते, वार कोणता हेही त्यांनी बरोबर सांगितले. कार्यकर्तीने परत येऊन नोंद केली : निर्णयक्षमता आहे, मदत नको म्हणतात, प्रकरण बंद करावे. कागदावर पाहिले तर यात बोट ठेवायला जागा नाही.

चांगला मार्गदर्शक येथे तिला रागावणार नाही, आणि उत्तरही सांगणार नाही. तो विचारील : पुतण्या कोठे बसला होता? बाईंशी तू एकटी किती मिनिटे बोललीस? 'त्रास नाही' म्हणण्यापूर्वी त्यांनी कोणाकडे पाहिले? पेन्शन कोण आणते आणि त्याचे काय होते हे त्यांना सांगता आले का? वार सांगता येणे आणि पैशाचा व्यवहार समजणे या दोन गोष्टी एकच आहेत का? पुतण्या उद्या निघून गेला तर त्यांच्याशी बोलायला कोण उरेल? आणि शेवटी, तुला तेथून लवकर निघावेसे वाटत होते का? वाटत असेल तर कशामुळे?

या प्रश्नांकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की, ते बाईंविषयी जितके आहेत तितकेच पाहणारीच्या नजरेविषयीही आहेत. डोनाल्ड शॉन या विचारवंताने १९८३ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले की, व्यवसायातील खरे ज्ञान काम करता करता आणि केलेल्या कामाकडे वळून पाहताना तयार होते. मार्गदर्शकाचा तास म्हणजे असे वळून पाहण्यासाठी राखून ठेवलेली वेळ होय.

आता ती कार्यकर्ती दुसऱ्यांदा जाते. या वेळी बाई दवाखान्यात एकट्या येतात तेव्हा त्यांना भेटते. पुतण्या पैसे घेतो हे बाईंना चांगले ठाऊक असते. पण झोपताना दिवा मालवून 'येतो मी' असे म्हणणारा तो एकटाच आहे. त्यांना पैसे जाणे थांबायला हवे आहे. पुतण्या जायला नको आहे. 'तुम्हाला काय व्हायला हवे?' असे विचारल्यावरच ही गोष्ट बाहेर येते. मग उपाय त्या बेताने शोधता येतात : बँकेच्या खात्याची सोय बदलणे, घरी जेवण पोचवणे, दुसऱ्या कोणाची नियमित भेट ठरवणे, आणि पुतण्याला आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे याची जाणीव देणे. धोका पूर्ण संपत नाही. पण तो कमी होतो आणि घर बाईंचेच राहते. इंग्लंडमध्ये आज प्रत्येक चौकशीत त्या व्यक्तीला स्वतःला काय व्हायला हवे आहे हे विचारण्यावर भर दिला जातो. भेटीत अडचण वाटत असेल आणि बाजू मांडणारे आपले माणूस नसेल, तर स्वतंत्र माणूस देण्याची तरतूदही कायद्यात आहे.

ज्येष्ठ चुकीचे शिकवत असेल तर?

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ज्येष्ठाकडून शिकायचे म्हटले तर ज्येष्ठाच्या वाईट सवयीही शिकल्या जातील. ब्रिस्टल शहराजवळ 'विंटरबोर्न व्ह्यू' नावाचे बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी एक खाजगी रुग्णालय होते. ३१ मे २०११ रोजी बीबीसीने 'पॅनोरमा' या कार्यक्रमात गुप्तपणे टिपलेली चित्रे दाखवली, तेव्हा तेथील कर्मचारी रुग्णांना मारत, छळत आणि हिणवत असल्याचे देशाने पाहिले. अकरा जणांनी गुन्हा कबूल केला. २०१२ मध्ये त्यांपैकी सहा जणांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. विशेष म्हणजे तेथील एका ज्येष्ठ परिचारकाने याआधीच वरिष्ठांकडे आणि तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे तक्रार केली होती. पण तिची वेळीच दखल घेतली गेली नाही.

अशा जागी नव्याने लागलेल्या तरुणाने काय शिकावे? 'येथे असेच चालते' हेच त्याच्या कानी पडणार. म्हणून मार्गदर्शकाची निवड केवळ नोकरीच्या वर्षांवरून करणे योग्य नाही. मार्गदर्शकालाही कोणी तरी प्रश्न विचारणारे हवे, शिकाऊ माणसाला त्याच्या डोक्यावरून तक्रार करण्याची वाट मोकळी हवी, आणि बाहेरच्या डोळ्यांना आत डोकावता आले पाहिजे. गुरूविषयी आपल्या मनात आदर असतो हे चांगलेच. परंतु या कामातला गुरू शिष्याच्या प्रश्नांना भिणारा असून चालणार नाही.

आपल्या अंगणात

हे सारे इंग्लंडचे झाले. तेथील पैसा, कौन्सिले आणि पगारी कार्यकर्ते आपल्याकडे तितके नाहीत, हे मान्यच आहे. परंतु प्रश्न मात्र आपल्याकडेही आहे आणि त्यासाठी कायदेही झालेले आहेत. २००५ च्या कायद्याने घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण दिले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्यानुसार वृद्धांना उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मिळवण्याची तरतूदही आहे. 'एल्डरलाइन' ही १४५६७ या क्रमांकाची दूरध्वनी सेवा २०२१ मध्ये देशभर सुरू झाली.

या २००७ च्या कायद्यात समेट अधिकाऱ्याची एक तरतूद आहे. न्यायाधिकरण प्रकरण त्याच्याकडे सोपवू शकते आणि त्याने एका महिन्यात समेट घडवून आणण्याचा प्रयत्न करावा अशी अपेक्षा आहे. आता विचार करा. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला आई, मध्ये समेट करणारा. आई म्हणते, 'जाऊ द्या साहेब, लेकरूच आहे.' हा समेट झाला की शरणागती? वरील कल्पित प्रकरणातले सगळे प्रश्न येथे जसेच्या तसे लागू पडतात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे आळीतील अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे येते. श्रावणबाळ योजनेचा किंवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज असला म्हणजे बहुधा मुलगा नाही तर सून बोलते, आणि जिच्या नावाचा अर्ज ती म्हातारी उंबऱ्याशी उभी असते. मी तिच्याकडे वळून विचारते, 'आजी, पासबुक कोणाकडे असते?' तेव्हा उत्तर देण्याआधी ती लेकाकडे पाहते. बहुतेक घरांत त्या पाहण्यात काही वावगे नसते. सवय असते, विश्वास असतो. पण एखाद्या घरात त्यात भीती असते. दोहोंतला फरक बाहेरून दिसत नाही. तो ओळखायला शिकलेली नजर लागते, आणि तशी नजर कोणत्या अर्जाबरोबर मिळत नाही. या विषयाकडे माझे मन ओढले गेले त्याचे हे एक कारण.

असे शिक्षण आपल्याला अगदीच अनोळखी आहे असेही नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने देशातील समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले. नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था अशी विद्यालये निघाली. या शिक्षणात क्षेत्रकार्याला पहिल्यापासून मोठे स्थान आहे. विद्यार्थी आठवड्यातील ठरावीक दिवस वस्तीत, दवाखान्यात वा संस्थेत काम करतो, त्याची नोंदवही लिहितो, आणि ती वाचून शिक्षक त्याच्याशी एकट्याने चर्चा करतो. १९८४ साली टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांना पोलिसांच्या शेजारी बसवले. म्हणजे पीडित सज्ञान व्यक्तीचे आधी ऐकून घ्यायचे, तिला काय हवे ते विचारायचे आणि मग पाऊल टाकायचे, ही रीत आपल्या मातीतही रुजलेली आहे.

उणीव आहे ती पुढच्या टप्प्यात. पदवी हाती पडली, नोकरी लागली, की नोंदवही वाचणारे शिक्षक मागे राहतात. नवोदिताचे पहिले वर्ष शिकण्यासाठी राखून ठेवावे असा नियम आपल्याकडे नाही. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी एकदम खुर्चीवर बसते आणि तिच्यापुढे सत्तर वर्षांची आई व चाळीस वर्षांचा मुलगा येऊन उभे राहतात. 'घरातली गोष्ट घरातच राहू द्या' असे सांगणारे तिच्याभोवती पुष्कळ असतात; 'तू त्या आजींना एकटीला भेटलीस का?' असे विचारणारा कोणी नसतो.

हे बदलायला फार खर्च लागेल असे मला वाटत नाही. आठवड्यातून एक तास राखून ठेवावा. जिल्ह्यातील अनुभवी कार्यकर्त्यांची, निवृत्त झालेल्यांचीही, यादी करून प्रत्येक नव्या माणसाला त्यांतील एक जण जोडून द्यावा. शक्यतो तो त्याचा साहेब नसावा, म्हणजे शंका बोलून दाखवताना नोकरीची धास्ती राहणार नाही. प्रकरण बंद करण्यापूर्वी तीन प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत : त्या व्यक्तीशी मी एकट्याने बोललो का? तिला काय व्हायला हवे आहे हे तिच्याच शब्दांत मला सांगता येते का? तिचा नकार तिचाच आहे हे मला कशावरून कळले? आणि समाजकार्य महाविद्यालयांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांचा धागा निदान एक वर्ष तरी सोडू नये.

कोणी म्हणेल की, एवढ्याने जगातील अन्याय थांबणार आहे का? थांबणार नाही. स्टीव्हन हॉस्किन याच्या घराचे दार ठोठावणारे अनेक होते. दार उघडल्यावर आत कोण बसले आहे हे पाहायला थांबणारा एक हवा होता. असा माणूस जन्माला येत नाही, तो घडवावा लागतो. आणि त्याला घडवणाऱ्यांनी त्यासाठी वेळ काढावा लागतो. तेवढा वेळ आपण काढला तर २००७ चा कायदा कागदावरून उतरून उंबऱ्याशी उभ्या असलेल्या आजीपर्यंत पोचेल.